भोंग्याचा परवाना

तिला सगळे भोंगा म्हणायचे आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट कुणी खऱ्या नावानं हाक मारली की ती विचारायची, "काय झालं? कोण गेलं?" रेल्वे स्टेशनवर गाड्या पुकारायचं काम तिचं. माइक बिघडला तर खिडकी उघडून नुसत्या गळ्यावर सगळ्या फलाटांना ऐकवायची. स्टेशनमास्तर म्हणायचे, "माइकची घाई नाही, भोंगा आहे." हे नाव ठेवलं नवऱ्यानं, लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणात. नवरा प्लंबर. सगळा जन्म लोखंडाच्या ठणठणाटात काढलेला माणूस, पण त्या दिवशी त्यानंसुद्धा कानांवर हात ठेवले. भांडण कशावरून झालं ते दोघं विसरली, नाव तेवढं राहिलं.

मग तिच्या घशात गाठ निघाली. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. कुजबुजण्यापुरताही उरला नाही. इस्पितळातून गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. तिनं ते एकदाच लावलं, त्यातून आलेला पत्र्याचा आवाज ऐकला आणि यंत्र खणात टाकून खण ढकलून दिला. कितीतरी माणसं ते लावून मजेत बोलतात, हे डॉक्टरांनी परोपरीनं सांगून पाहिलं. पण हट्ट म्हणजे हट्ट. तिनं पाटी घेतली.

माणसाचा आवाज गेला की बाकीच्यांचं काय होतं, ते बघण्यासारखं असतं. बोलता येत नाही तिला आणि ओरडून बोलतात हे. बेकरीवाला एकेक शब्द सुटा करून, तोंड वासून विचारायचा, "पाव... हवा... का?" जसे काही गळ्याबरोबर तिचे कानही काढून घेतले होते, आणि थोडी अक्कलसुद्धा. पाटीवर लिहायला घेतलं की दोन शब्द व्हायच्या आत समोरचा पुढचं वाक्य स्वतःच पुरं करायचा, आणि ते हमखास चुकीचं. नणंदेला त्याची भारी हौस. वहिनीनं 'डोकं' एवढं लिहिलं की ती म्हणायची, "दुखतंय ना? पड जरा, मी दाबून देते." वहिनीला लिहायचं असायचं, डोकं खाऊ नकोस.

आणि भांडण तर पाटीवर होतच नाही. ही रागारागानं लिहिणार, नवरा चष्मा शोधायला जाणार, आणि चष्मा सापडेपर्यंत राग निवून चहाची वेळ झालेली. हळूहळू तिनं लिहिणंच सोडलं. नवरा भला माणूस. तिच्यासमोर आपण बोलावं म्हणजे उपाशी माणसासमोर जेवल्यासारखं, असं त्याला वाटायला लागलं आणि तोही गप्प झाला. 'भोंगा' ही हाक तर घरातून अशी गेली, की त्या नावाचं कुणी वारलंच असावं. आता सगळे तिला नुसतं 'अगं' म्हणत, तेही जपून, आजाऱ्याला म्हणावं तसं. त्या हाकेसाठी तिचा जीव तुटायचा. पण मला भोंगा म्हणा, असं काय पाटीवर लिहून मागायचं? स्टेशनवर गाड्या यंत्र पुकारायला लागलं आणि तिला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. छत्र्या, डबे, कुणाची तरी कुबडी. त्यांच्यात ती दिवसभर बसून असायची.

अशात तिची दाढ दुखायला लागली. दंतवैद्य हा एकच प्राणी असा, की समोरच्यानं उत्तर देऊ नये याची त्याला सवयच असते. डॉक्टरीणबाई तिची दाढ कोरता कोरता हवापाणी, महागाई, स्वतःची सासू असं सगळं आपल्या आपण बोलत राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही की शब्द सुटे झाले नाहीत. फार दिवसांनी कुणाशी तरी पोटभर गप्पा झाल्या, असं तिला वाटलं. खुर्चीतून उठताना मागच्या खोलीतून बारीक शिट्टीसारखा आवाज आला. आखूड, लांब, लांब, आखूड. थांबला. पुन्हा आला.

तिनं पाटीवर लिहिलं, 'हे काय?' डॉक्टरीणबाई वाक्य पुरं होईपर्यंत थांबल्या, हेही तिच्या लक्षात आलं.

"माझा नाद आहे," त्या म्हणाल्या. "या ना, ऐका."

मागच्या खोलीत टेबलावर एक पेटी होती, तिच्यावर एक मोठी फिरती चकती, आणि खिडकीतून गच्चीवर गेलेली एक वायर. बाईंनी कानांवर लावायचे फोन तिच्या डोक्यावर बसवले. खरखर, आणि खरखरीच्या आतून ती शिट्टी.

"हा माणूस आत्ता, या क्षणी, समुद्रापलीकडे बसून बोटानं कळ दाबतोय," बाई म्हणाल्या. "मोर्स म्हणतात याला. आखूड आणि लांब, त्यातून अक्षरं."

'मध्ये तार?'

"तारबीर काही नाही. इथून लाट सुटते ती वर जाते. फार उंचावर हवेचा एक थर आहे, सूर्यानं त्यात वीज भरून ठेवलेली. तिथे आपटून लाट खाली येते, समुद्रावर आपटून परत वर जाते. अशी जाते टप्पे खात. आणि जोर किती लागतो म्हणाल, तर घरातल्या दिव्याला लागते तेवढी वीज पुरते."

भोंगा कान देऊन ऐकत राहिली. चार फलाटांपर्यंत आवाज पोचला की तिला अभिमान वाटायचा. आणि हा कोण कुठला, समुद्र ओलांडून दातांच्या दवाखान्यात येऊन बोलत होता. मान वर केली तर छताला पोपडे धरलेले. त्यावर गच्ची, त्यावर आभाळ, आणि त्या आभाळात आत्ता किती जणांचं बोलणं चाललेलं असेल! तिनं लिहिलं, 'मुका आहे का तो?'

"असेलही. कोण जाणे," बाई म्हणाल्या. "लाटांच्या या पट्टीवर सगळे हातानंच बोलतात. कोण मुकं, कोण तोतरं, कोण देखणं, काही म्हणजे काही कळत नाही."

भोंग्यानं हे ऐकलं आणि कानांवरचे फोन दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले. बाहेर पुढचा पेशंट गाल धरून ताटकळला होता, त्यालाही बाईंनी ताटकळू दिलं. मग म्हणाल्या, "ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही. बोलायला मात्र परवाना लागतो. परीक्षा असते, वर्षातून एकदाच."

बोलायला परीक्षा! जन्मभर तोंडाला कुलूप माहीत नव्हतं, तेव्हा कुणी परवाना विचारला नाही. ती दाढेवर कापूस धरून आणि बगलेत परीक्षेचं पुस्तक मारून घरी आली.

पुस्तकात पहिल्याच पानापासून वीज होती आणि तिचं विजेचं ज्ञान म्हणजे बटण दाबलं की दिवा लागतो, एवढंच. नवऱ्यानं चष्मा लावून पान वाचलं आणि त्याची कळी खुलली. "अगं, हे तर पाणीच की. टाकी उंच तर जोर जास्त. पाइप अरुंद तर पाणी कमी. यांनी नावं तेवढी वेगळी ठेवलीत." अर्धं पुस्तक दोघांनी असं पाण्यातून पार केलं. मग लाटांचा धडा आला, आणि प्लंबर अडला तो अडलाच. पाइप नाही, नळ नाही, गळती नाही, तर मग हे जातं कशातून? 'कशातूनच नाही,' तिनं पाटीवर लिहिलं, 'पुस्तकात तसंच आहे.' त्यानं दोनदा वाचलं. नंतर कितीतरी दिवस तो गच्चीवर टाकी तपासायला जायचा आणि टाकी राहायची बाजूला, आभाळाकडेच बघत उभा राहायचा. एकदा खाली येऊन म्हणाला, "आपण आयुष्यभर पाइप जोडले, आणि एवढं मोठं काम कुणी बिनपाइपाचं करून ठेवलंय."

मोर्सचा तक्ता पुस्तकाच्या शेवटी होता. इंग्रजी अक्षराला टिंबं आणि रेघा; मराठी शब्दही त्याच अक्षरांत जुळवायचे. तो पाठ करायचा कसा, ते नवऱ्यानंच सुचवलं. दोन प्लंबर दोन मजल्यांवर असले, की पाइपावर पाना वाजवून बोलतात. एक ठोका, पाणी सोड. दोन ठोके, बंद कर. त्यांचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आणि त्याचं कामाचं दुकान तळाला, मधून एकच पाइप गेलेला. तेव्हा ठरलं असं, की टिंबाला एक ठोका, रेघेला घाईघाईनं दोन. त्यानं खालून पान्यानं ठोकायचं, तिनं वरून चमच्यानं.

पहिल्या दिवशी 'चहा' एवढं व्हायला चहा निवेपर्यंत वेळ गेला. पण पंधरवड्यात दोघांचा हात असा बसला, की विचारू नका. आणि एका सकाळी तिनं त्यानं टाकलेला ओला टॉवेल पलंगावर बघितला. पाटीकडे न जाता ती तडक पाइपाकडे गेली आणि चमच्यानं असं काही सुनावलं की चमच्याची मान वाकली. राग लिहिण्यात उतरत नाही, ठोक्यात उतरतो. खालून उत्तर आलं तेही तणतणतच. तो म्हणाला, टॉवेल तुझाच आहे. ती म्हणाली, माझा असेल, पण अंग तुमचं पुसलंय. तो हसला असणार, कारण पुढचे ठोके धड पडेनात. आवाज गेल्यापासून त्यांचं ते पहिलं भांडण. त्या दिवशी दोघं दोन घास जास्त जेवली.

मधल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांनी प्लंबरला बोलावलं. "पाइपात हवा भरलीय हो. दिवसभर ठकठक, ठकठक." त्यानं गंभीर चेहऱ्यानं पाना काढला, एक नट सैल केला, तोच परत आवळला आणि सांगितलं, "जुनं काम आहे बाई. अधूनमधून होणारच."

परीक्षेला थोडे आठवडे उरले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिची उजळणी घ्यायची म्हणून रविवारी बोलावलं. भोंगा ऐटीत गेली. कानाला फोन लावले, हातात पेन्सिल धरली. शिट्टी सुरू झाली आणि तिला एक अक्षर कळेना. एकसुद्धा नाही. कागद कोराच राहिला.

"असू दे. पाठवून दाखवा," बाई म्हणाल्या.

तिनं टेबलावरची कळ धरली आणि रोज पाइपावर ठोकायची तसं ठोकलं. बाईंनी आधी भुवया चढवल्या, मग त्यांना हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि तिचा चेहरा बघून थांबल्या. "ताई, रागावू नका. पण ठोक्याला लांबी कुठून येणार? आखूड आणि लांब हे कानाला लांबीनंच कळायला हवं. तुम्ही दोघांनी भलतीच भाषा काढलीत. ती जगात फक्त तुम्हा दोघांनाच येते."

भोंग्यानं कळ सोडून दिली. या परवान्यावर तिचं सगळं होतं. परवाना नाही, तर पुन्हा छत्र्या आणि ती कुबडी.

"शिकाल," बाई म्हणाल्या. "कान चांगला आहे. पण आधी ते जुनं पुसायला हवं. आजपासून घरात एक ठोका नको. नाहीतर हात ऐनवेळी दगा देईल." सरावाला त्यांनी शिट्टी वाजवणारी एक छोटी डबी आणि कळ दिली.

घरी येऊन तिनं किती दिवसांनी पाटी उचलली. नवऱ्यानं चष्मा शोधला, वाचलं, आणि मान हलवली. "बरोबरच आहे. परीक्षा महत्त्वाची." खाली जाऊन त्यानं पाना खिळ्याला टांगला. ती स्वयंपाकघरात डबी घेऊन बसायची. आखूड, लांब. मोजायचं नाही, अक्षर मुळी सुरासारखं ऐकायचं, असं बाईंनी बजावलं होतं. हळूहळू सूर उमटायला लागले, मग अक्षरं, मग शब्द. एका अर्थी तिचा आनंद गगनात मावत नव्हता. पण पाइप गप्प होता. नवरा जिन्यावरून चवड्यांवर चालायचा. शिक्षिकाबाई त्याला म्हणाल्या, "ठकठक अगदी गेली हो, छान काम केलंत." तो घरी आला आणि जेवताना त्यानं मीठ मागितलं नाही, आमटी अळणी होती तरी. सगळ्या जगाशी बोलायला निघाले आणि घरातलं बोलणं मोडून बसले, हे तिला कळत होतं आणि फार लागत होतं.

परीक्षा एका सरकारी कचेरीत झाली. लेखी पेपर तिला सोपा गेला. एक प्रश्न होता, समोरच्याला थांबायला सांगायची खूण कोणती. खूण तिला पाठ होती, पण ती मनात म्हणाली, समुद्रापलीकडच्या माणसाला थांबवून ठेवण्याएवढं मोठं काम कुणाला निघणार? मग ऐकणं झालं, तेही जमलं. शेवटी पाठवणं. परीक्षकांनी तिची पाटी बघितली आणि ओरडून म्हणाले, "हा... मजकूर... पाठवा!"

तिनं कळीवर बोट ठेवलं आणि पहिल्याच लांब सुराला बोटानं दोन ठोके दिले. जुनी खोड. परीक्षकांनी हात वर केला. "थांबा. पुन्हा पहिल्यापासून. एकदाच संधी देता येते."

मग तिनं डोळे मिटले आणि जन्मभर जे केलं तेच केलं. माइकसमोर बसल्यावर ती आधी फलाट बघायची मनातल्या मनात: सामानावर बसलेली माणसं, पळत येणारी माणसं, एकीकडे बघत दुसरीकडे उभी असलेली माणसं. त्यांना सांगायचंय. घाई नाही, पण चुकायचं नाही. बोट आपोआप हललं. मजकूर संपला तेव्हा परीक्षक पेन्सिल खाली ठेवून नुसते ऐकत होते. "छान," ते म्हणाले, साध्या, रोजच्या आवाजात. त्या एका शब्दावर ती घरापर्यंत चालत आली.

परवाना आला. त्यावर अक्षरं आणि आकडे जोडून केलेलं तिचं नवीन नाव होतं, जगात दुसऱ्या कुणाचं नसलेलं. नवऱ्यानं टेपनं मोजून गच्चीवर तार ताणली. पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या खांबापर्यंत. आणि एवढ्याशा तारेतून बोलणं समुद्रापार जाणार यावर त्याचा अजून विश्वास बसत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी आपला जुना रेडिओ-संच दिला, तो स्वयंपाकघरात खिडकीपाशी ठेवला.

सुटीच्या दिवशी सकाळी ती संचापाशी बसली. कुणी आहे का? कुणी आहे का? आणि पुढे ते नवीन नाव. खरखर. पुन्हा विचारलं. नुसती खरखर, दूर कुठे विजा पडत असाव्यात तशी. कितव्यांदा तरी विचारून ती थांबली, आणि खरखरीच्या तळातून बारीक, स्वच्छ, तिचंच नाव आलं. कुणीतरी तिला हाक मारत होतं.

तिनं पाटी ओढली आणि येईल ते अक्षर उतरवायला लागली. बेकरीवाला होता तो, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा गावातला. त्याच्याकडे अजून उजाडायचं होतं, भट्टी तापायला लावून बसला होता. इथे ओट्यावर ऊन पडलेलं आणि तिथे अंधार, आणि मध्ये ते अख्खं पाणी, आणि बिनपाइपाचं ते सगळं. तिला हुंदका आला. हुंदक्यालाही आता आवाज नव्हता, पण तो बेकरीवाल्याला कुठे कळणार होता? त्याला वाटत होतं, ही एक बाई आहे आणि ही बोलतेय. मग या लोकांच्या रिवाजाप्रमाणे त्यानं तिचा आवाज कसा पोचतोय ते कळवलं. तिनं एकेक अक्षर जोडून लिहिलं: 'खणखणीत येतोय तुमचा आवाज. अगदी भोवती कुणी नसल्यासारखा.'

नवरा दारात उभा होता. या खेपेस चष्मा डोळ्यांवर होता. त्यानं पाटी वाचली, परत वाचली, आणि वळून जिना उतरून गेला. पावलं खालपर्यंत गेलेली तिनं ऐकली. आता काय झालं यांना, असं तिच्या मनात आलं आणि जीव थोडा खट्टू झाला.

मग पाइप वाजला.

हाताची सवय सुटलेली होती, ठोके चाचपडत येत होते. रेघेला दोन, टिंबाला एक, ती भलती भाषा. मध्ये एकदा चुकला आणि पहिल्यापासून सुरू केलं. पहिल्या दोन अक्षरांतच तिला कळलं, पण वाक्य कुणी मध्ये तोडलं की कसं वाटतं ते तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं शेवटच्या ठोक्यापर्यंत वाट पाहिली.

भोंगा.

समुद्रापलीकडे बेकरीवाला काहीतरी विचारत होता. तिनं कळीवर बोट ठेवून त्याला थांबायची खूण केली, पेपरात आली होती तीच. मग ओट्यावरचा वाकड्या मानेचा चमचा उचलला आणि पाइपावर मोर्समधल्या 'ओ'च्या तीन रेघा, दोन-दोनचे सहा ठोके देऊन नवऱ्याच्या हाकेला ओ दिली. मधल्या मजल्यावर शिक्षिकाबाईंची खिडकी उघडल्याचा आवाज आला.